डोळे पुसल्यावर विचारायचं ते

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लता मंगेशकरांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं, तेव्हा चीनबरोबरचं युद्ध थांबून जेमतेम दोन महिने झाले होते. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची. समोर बसलेल्या पंतप्रधान नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ही आठवण आजही घरोघरी सांगितली जाते.

त्या दिवशी लडाखमधल्या रेझांग ला इथे काय होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. सोळा हजार फुटांवरच्या या खिंडीत १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊंची चार्ली कंपनी मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली लढली. आड डोंगर असल्याने आपल्या तोफांची मदत पोहोचत नव्हती. सुमारे १२० जणांपैकी ११० हून अधिक जवान कामी आले. वाचलेल्या मूठभरांची हकीकत सुरुवातीला कुणाला खरी वाटेना. फेब्रुवारीत बर्फाखाली मृतदेह सापडले, तेव्हा काहींच्या हातात बंदुका तशाच होत्या. म्हणजे दिल्लीत त्या गाण्याने माणसं गहिवरत होती, तेव्हा हे जवान अजून आपल्या मोर्च्यांमध्येच पडून होते.

म्हणून गाणं खोटं ठरत नाही. उलट युद्धगीतांत ते उजवंच आहे. त्यात शत्रूला शिव्या नाहीत, चीनचं नावही नाही. आहे ती फक्त गेलेल्यांची आठवण ठेवण्याची विनवणी. प्रदीप यांनी त्याची रॉयल्टी युद्धातल्या विधवांसाठी देऊ केली होती. गदिमा आणि वसंत देसाई यांचं ‘छोटा जवान’ चित्रपटातलं ‘जिंकू किंवा मरू’ही त्याच काळातलं. ते कानावर पडलं की आजही पाऊल आपोआप तालात पडतं. एवढी ताकद असलेल्या गाण्यांबद्दल सावध राहायला हवं, ते याचसाठी. ती देशाला एका सुरात आणतात, आणि त्या सुरात न बसणारं काहीच ऐकू येईनासं होतं.

त्याच महिन्यांत आसाम-बंगालमधल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, मुलाबाळांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. अनेकांचा जन्म इथलाच होता. काहींची सुटका व्हायला वर्षं गेली. त्यांच्यासाठी गाणं सोडाच, साधी दिलगिरीही कुठल्या सरकारने व्यक्त केलेली नाही.

आणि जवान सुती कपड्यांत, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन हिमालयात उभे का होते? लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी पराभवाची चौकशी करून १९६३ मध्ये अहवाल दिला. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्या सप्टेंबरात लोकसभेत त्यावर निवेदन केलं, पण अहवाल उघड केला नाही. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांची सरकारं आली आणि गेली. एका पत्रकाराने २०१४ मध्ये त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला. सरकारच्या लेखी मात्र तो गोपनीयच राहिला.

दर पंधरा ऑगस्टला चौकाचौकात ‘ऐ मेरे वतन के लोगों’ लागतं. ते जरूर लावावं. पण हुतात्म्यांची आठवण ठेवायची, तर ते कुणाच्या चुकांमुळे मेले हेही देशाला कळलं पाहिजे. सरकारने तो अहवाल पूर्ण प्रसिद्ध करावा आणि देवळीत डांबलेल्यांची माफी मागावी.