बाजारहाट : कॅमेरा घ्यायचा तर

तुमच्यापैकी एका भगिनीने विचारले आहे, की सोयाबीनचे पैसे हाती आले आहेत आणि थोरला मुलगा म्हणतो, कॅमेरा घेऊ, लग्नाच्या ऑर्डरी मिळतील. दुकानदार २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा दाखवतो. मुलाच्या मोबाईलवर तर ५० मेगापिक्सेल लिहिलेले आहेत. मग एवढे पैसे घालायचे कशाला?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेतले, तर दुकानात तुम्हांला कोणी फसवू शकणार नाही.

मेगापिक्सेल म्हणजे फोटो किती ठिपक्यांचा बनला त्याची मोजणी. दहा लाख ठिपक्यांचा एक मेगापिक्सेल. १९७५ साली कोडॅक कंपनीतले स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्याचा फोटो अवघ्या १० हजार ठिपक्यांचा होता. कॅसेटच्या टेपवर तो उतरायला २३ सेकंद लागत, आणि कॅमेऱ्याचे वजन साडेतीन किलोच्या वर! त्या काळी ठिपके वाढवणे हीच खरी प्रगती होती. आज तसे राहिलेले नाही. आल्बमात लावतो तो ४ बाय ६ इंची फोटो स्वच्छ छापायला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. भिंतीवर लावायचा १२ बाय १८ इंची फोटो २० मेगापिक्सेलमध्ये उत्तम निघतो. त्यावरचा आकडा हा बहुधा खोक्यावरच्या जाहिरातीसाठी.

मग पाहायचे काय? तर सेन्सर. पूर्वी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल असे, त्याच्या जागी आता ही चौकोनी चकचकीत पट्टी असते आणि तिच्यावर प्रकाश पडून चित्र उमटते. पाऊस पडताना अंगणात तांब्या ठेवा आणि शेजारी घमेले ठेवा. पाऊस तोच, पण पाणी घमेल्यात जास्त साठते. सेन्सरचेही तसेच. बहुतेक मोबाईलमधला सेन्सर करंगळीच्या नखापेक्षा लहान असतो. एपीएस-सी म्हणतात त्या जातीच्या कॅमेऱ्यात तो सुमारे २३ बाय १५ मिलिमीटरचा, आणि फुल फ्रेम कॅमेऱ्यात ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. लहानशा सेन्सरवर ५० मेगापिक्सेल बसवणे म्हणजे एका गुंठ्यात शंभर वाफे पाडण्यासारखे आहे. वाफे वाढले म्हणून जमीन वाढत नाही.

दिवसाउजेडी शिवारात हा फरक फारसा जाणवत नाही, मोबाईलही छान फोटो काढतो. खरी परीक्षा गोरज मुहूर्तावर असते. उजेड उतरलेला, मांडवात रंगीत दिवे, नवरा-नवरी अंतरपाटाआड उभी. अशा वेळी लहान सेन्सरचे चित्र रवाळ होते, नाहीतर हालचाल पुसट येते.

दुसरी गोष्ट लेन्सची, आणि माझ्या मते घरातले पैसे इथेच घालावेत. लेन्सवर एफ लिहून पुढे आकडा असतो. हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स पूर्ण झूम केली की बहुधा एफ ५.६ वर येते. ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ ची लेन्स, जी त्या मानाने स्वस्तात मिळते, तिच्यापेक्षा नऊपटीहून अधिक प्रकाश आत घेते. हिला झूम नसतो, पुढेमागे स्वतःच सरकावे लागते. तरुण पोराला त्याचे काय!

झूमचेही दोन प्रकार आहेत. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे खरोखर हलतात आणि दूरचे जवळ येते. डिजिटल झूम म्हणजे नुसता फोटो कापून मोठा करणे, त्याला पैसे देऊ नयेत. भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांसाठी लांब झूमचे एकसंध कॅमेरे निघतात. त्यांत सेन्सर पुष्कळदा लहानच असतो, पण उन्हात पक्षी टिपायला ते ठीक. लग्नाला मात्र उपयोगाचे नाहीत. आणि ई-पीक पाहणीचा फोटो मोबाईलच्या ॲपमधूनच जातो, तेव्हा त्या कामासाठी कॅमेरा घेण्याचा विचारही करू नका.

दुकानात गेल्यावर कॅमेरा हातात मागा. सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवा, आयएसओ ३२०० करा, फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून चेहरा पाहा. मग मुलाला आपल्याकडे चालत यायला सांगून लागोपाठ दहा फोटो काढा. दहापैकी किती ठिकाणी डोळे स्पष्ट आले, ते मोजा. जो दुकानदार एवढे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड हेही हातात पडले पाहिजे. बिलाविना स्वस्त मिळणारा माल पुढे कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात कोणी हाती धरत नाही.

लग्नाचे काम करायचे असेल तर दोन कार्डांची सोय असलेला कॅमेरा पाहावा, म्हणजे एक कार्ड बिघडले तरी फोटो दुसऱ्यावर राहतात. लग्न काही पुन्हा लावता येत नाही. स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा एकच कार्ड बसते. शिवाय फ्लॅश, जादा बॅटऱ्या, चांगली कार्डे, बॅग हा खर्च निराळा. बैल घेतला म्हणजे औत आले असे होत नाही.

म्हणून त्या भगिनीला माझे सांगणे असे, की सोयाबीनचे पैसे यंदा बँकेतच असू द्यावेत. तुळशीचे लग्न झाले की हंगाम सुरू होतो. मुलाला एखाद्या जुन्या फोटोग्राफरची बॅग उचलू द्या, चार लग्ने रात्री दोनपर्यंत उभे राहू द्या. जिल्ह्याच्या गावी कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात, एक-दोन ऑर्डरी त्यावर करू द्या. त्यानंतरही त्याचा हट्ट टिकला, तर कोणता कॅमेरा घ्यायचा हे तोच तुम्हांला सांगेल.

जुना कॅमेराही चालेल. मुंबईत बोरा बाजारात अशी दुकाने आहेत. फक्त शटर किती वेळा उघडले ते विचारा. साध्या कॅमेऱ्याचे शटर पुष्कळदा लाखभर फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते, आणि एका लग्नात हजार-दीड हजार फोटो सहज निघतात. लेन्समधून बॅटरीचा उजेड पाडून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत करा.

ही बुरशी पावसाळ्यात नव्या कॅमेऱ्यालाही लागते, कोकणात तर हमखास. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कपाटात कोंडू नका, चामडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. कोणी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगेल, ते ऐकू नका. तांदळाची बारीक पूड आत शिरते.