धोट्याला थुंकी कुणाची?

६ डिसेंबर २०२५ ला चैत्यभूमीवर गेलो. दुसऱ्या दिवशी रविवार, परतीची गाडी रात्रीची. दोस्त म्हणाला, गिरणगाव दाखवणारी फेरी निघते, लोक पैसे देऊन चालतात, येतोस? मी सूतगिरणीत रिंग खात्याला डॉफर. पणजा आणि आजा दोघं मुंबईच्या गिरणीत राबले. म्हटलं, बघू तरी, आपलं घर परका कसं दाखवतो.

दाखवणारा पोरगा शिकलेला, गोड बोलणारा. चिमणी दाखवली. विटा, लोखंडी खांब, छपरातनं उत्तरेचा उजेड कसा घेतलाय, सगळं त्याला पाठ. मला एवढं ठाऊक नव्हतं, खोटं कशाला सांगू. मग तो म्हणाला, गिरणीत जातपात नव्हती, यंत्रापुढं सगळे सारखे.

माझं डोकं सणकलं.

म्हटलं, भाऊ, धोटा पाहिलास? मागावर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढायचं. ओठ लावून. म्हणून साचेखात्यात अस्पृश्याला मज्जाव. आमच्या थुंकीनं सूत बाटतं म्हणे! साचेखात्याचा पगार जास्त, आणि दार बंद. माझा पणजा जन्मभर रिंगवर राहिला तो त्याला माग चालवता येत नव्हता म्हणून नव्हे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ह्याच बंद दारावर बोट ठेवलं, तेव्हा ही मागणी यादीत घ्यायला लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही जड गेलं. जगातल्या कामगारांना एक करायला निघालेले, एका धोट्यापाशी अडले.

पोरगा हसून म्हणाला, "सर, आपण वास्तूबद्दल बोलतोय. राजकारण नको." फेरीतल्या बाया-बापयांनी मान हलवली आणि चिमणीचे फोटो काढले.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

चिमणी पाडा असं मी म्हणत नाही. पाडायला येतील त्यांच्यापुढं मीच आडवा होईन. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले, तो संप संपला असं आजतागायत कुणी जाहीर केलं नाही. मागाहून जमिनी गेल्या. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, मालक, महापालिका आणि घरं. २००१ ला त्यात फक्त मोकळ्या जागेचं कलम घुसडलं आणि वाट्याला काय आलं ते शिल्लक गिरणगावाला विचारा. फिनिक्सची चिमणी मॉलमध्ये उभी आहे. खाली आईस्क्रीम मिळतं. चिमणी साक्षीदार आहे हो, पण तिच्या तोंडात बोळा कोंबलाय.

२०१८ ला ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. चांगलं झालं. ह्या शहराच्या श्रीमंतीखाली कापसाचा पैसा आहे, पण यादीत गिरणी नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलमध्ये महापालिकेनं वस्त्रोद्योगाचं संग्रहालय ठरवलं. तिथं माग ठेवाल. पुसून, तेल घालून, दिवा लावून ठेवाल. मागाशेजारी पाटी लावाल का, ह्याला कुणाचा ओठ चालत नव्हता? नसेल लावायची तर तो माग भंगारात घाला. निदान भंगार खोटं बोलत नाही.

इमारतीचं असं, आणि परंपरेचं त्याच्या उलट. इमारतीतनं आमची आठवण काढून टाकतात, परंपरेत मात्र आम्ही हवेच! आमच्या गावात जत्रेला "बारा बलुतेदारांचा जिवंत देखावा" काढायचं ठरलं. कुंभाराचं चाक, सुताराचा रंधा, सगळं. मग चार पोरं चुलत्याकडं आली. काका, तुम्ही घोंगडं पांघरून, घुंगुरकाठी घेऊन वेसकर म्हणून उभं राहा. नुसतं उभं राहायचं, जेवण आहे. पोरं वाईट नव्हती, हे लक्षात घ्या. त्यांना ते खरंच सुंदर वाटत होतं. चुलता म्हणाला, ती काठी टाकायला बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं, १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, आणि तुम्ही जेवणावर परत हातात देताय? पोरं गप निघून गेली. देखाव्यात वेसकराच्या जागी पुठ्ठ्याचा माणूस उभा केला.

आता आपल्यावर येतो. दुसऱ्याला शिव्या घालणं सोपं.

अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर ह्यांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. त्याच्याही आधीपासनं आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. आज्याच्या चाळीत जलसा होता. तो पेटी वाजवायचा आणि गाणी वहीत उतरवायचा. संपानंतर खोली विकून गावी आला तेव्हा भांडी आणली, पेटी विकली, वही ट्रंकेत. त्या ट्रंकेवर आम्ही टीव्ही ठेवला. वीस वर्षं! मी कविता करतो म्हणून मिरवतो, आणि माझ्या बुडाखाली वाळवी आज्याची गाणी खात होती. कुठल्या सरकारनं नव्हे, मी खाऊ दिली. चिमणीसाठी फेरी निघते, वहीसाठी कोण निघणार?

मुंबईहून आलो त्या रात्रीच ट्रंक उघडली. अर्धी वही माती झालेली. चौतीस पानं वाचता येतात. काही गाण्यांवर चाल लिहिलीय, पण त्या चाली आता कुणाला येतात? गावात एक म्हातारी आहे, तिला दोन आठवल्या. तिसरी म्हणताना तिला खोकला आला, म्हणाली, पुढच्या रविवारी ये.

ज्यांच्या घरात, माळ्यावर, ट्रंकेत असल्या वह्या आहेत त्यांनी ह्या अंकाच्या पत्त्यावर कळवा. मी झेरॉक्सचे पैसे घेऊन येतो. फक्त रातपाळीचा आठवडा सोडून.