रिकाम्या जागा भरा

शासनाने अमुक महाविद्यालय बंद केले, अशी बातमी कुणी कधी वाचली आहे काय? सहसा नाही. तसे केले तर गावातून मोर्चा निघेल आणि आमदारांना उत्तर द्यावे लागेल. म्हणून कपात निराळ्या वाटेने येते. एखादे प्राध्यापक निवृत्त होतात, निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते आणि त्यांची जागा तशीच राहते. प्रश्नपत्रिकेत ‘रिकाम्या जागा भरा’ हा सर्वांत सोपा प्रश्न समजला जातो. शासनाला मात्र नेमका तोच अवघड जातो.

अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकांचा पगार शासन देते. त्यामुळे जागा भरायला शासनाची परवानगी लागते, आणि तिजोरीत खडखडाट झाला की ही परवानगीच आधी अडते. २०१८ साली राज्यात सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरण्यास मंजुरी मिळाली. त्या सगळ्या भरून होण्याआधीच करोना आला आणि ४ मे २०२० च्या शासननिर्णयाने नवी भरती थांबली. उरलेल्या २,०८८ जागांना पुन्हा परवानगी मिळायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. तेवढ्या काळात बी. ए. चा विद्यार्थी पदवी घेऊन घरीसुद्धा जातो!

मग वर्ग कोण चालवतात? तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, उलट आदर आहे. सेट-नेट झालेली, पीएच. डी. केलेली ही माणसे. घेतील तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टी लागली की मिळकत बंद. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या. तास संपल्यावर शंका विचारावी तर त्यांना एस. टी. गाठायची असते. कंत्राटी प्राध्यापकांचे प्रमाण एकूण जागांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत म्हटले होते. ज्याने त्याने आपापल्या विभागात बोटांवर मोजून पाहावे.

यातून एक चक्र सुरू होते. पूर्णवेळ प्राध्यापक नाहीत म्हणून विषयाला मुले कमी येतात. मुले कमी म्हणून कार्यभार कमी भरतो, आणि कार्यभार कमी म्हणून जागाच मिळत नाही. शेवटी ‘या विषयाला मागणी नाही’ असा शेरा बसतो. माझ्यापुरते सांगायचे तर मला मुख्य विषय म्हणून अर्थशास्त्र घ्यायचे होते. त्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक उरले नव्हते, म्हणून दुसरा विषय घ्यावा लागला. शहरातला मुलगा अशा वेळी शेजारच्या महाविद्यालयात जातो. आमच्या भागात शेजारचे महाविद्यालय तीस किलोमीटरवर आहे, आणि नवे विषय निघतात तेही बहुधा विनाअनुदानित. म्हणजे त्यांचा खर्च विद्यार्थ्याच्या फीतून! आवडीचा विषय निवडा, असे २०२० चे शैक्षणिक धोरण सांगते. परंतु निवड करायला ताटात दोन पदार्थ तरी असावे लागतात.

यावर कुणी म्हणेल, शासनाकडे पैसा मर्यादित आहे, आधी प्राथमिक शिक्षण पाहावे. हा आक्षेप गंभीर आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनीच प्राथमिक शिक्षणावर अधिक खर्च करण्याची मागणी केली होती. परंतु त्यांचे दुखणे हे होते की, पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण मात्र मूठभर वरच्या वर्गाचे. आज परिस्थिती पालटली आहे. माझे आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला, आणि माझ्या वर्गात माझ्यासारखे निम्म्याहून अधिक आहेत. ज्या रयतेसाठी फुले भांडले तिचीच मुले आता या बाकांवर बसली आहेत. पंगत आमच्यापर्यंत आली आणि वाढपी भांडे खरवडू लागले, याला काटकसर कसे म्हणावे?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की, कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम फीतून वसूल होते. याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के वाटा शिक्षणाला द्यावा असे सुचवले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांनी तो आकडा डोक्यावर घेतला, पण आजवर गाठला कुणीच नाही.

फीच्या सवलती आणि शिष्यवृत्त्या मिळतात, त्याबद्दल आम्ही कृतज्ञच आहोत. त्या नसत्या तर मी येथे नसतो. पण फी माफ झाली तरी तास माफ होऊन चालत नाही. शिक्षक नसलेल्या वर्गात फुकट बसवणे ही सवलत नव्हे.

तेव्हा विद्यार्थीमित्रहो, आपण निदान एवढे तरी मागू या. प्राध्यापकांच्या निवृत्तीची तारीख वर्षानुवर्षे आधी ठाऊक असते, तर त्यांची जागा भरण्याची परवानगीही त्या तारखेआधीच मिळावी. कोणत्या विभागात किती जागा मंजूर आहेत आणि किती रिकाम्या, याचा तक्ता दरवर्षी सूचनाफलकावर लागावा. आणि जोवर एकही विद्यार्थी एखादा विषय मागतो आहे, तोवर त्याला मागणी नाही असा शेरा कुणी मारू नये. पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण अकरावीत जाईल. तिलाही अर्थशास्त्रच घ्यायचे आहे.

— द्वितीय वर्ष, कला