पोरक्या मुलाच्या वतीने कोणी बोलावे?

परदेशातील ख्रिस्ती मंडळ्या आपल्या कार्याचा परिचय करून देताना दोन गोष्टींचा उल्लेख बहुधा जोडीने करतात : अनाथ मुलांचा सांभाळ आणि स्थानिक प्रचारकांचे शिक्षण. देणगीदाराच्या दृष्टीने ही कामे दूरदेशी चालतात. भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावाला मात्र तो दूरदेश म्हणजे आपलेच अंगण आहे. म्हणून या कार्याची पारख भाबड्या स्तुतीने वा आंधळ्या संतापाने न करता एका प्रश्नाने करावयास हवी. ज्याच्या अंगी नकार देण्याचे बळ नाही, त्याच्या वतीने कोणी बोलावयाचे?

हा प्रश्न जालना परिसराला नवा नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा त्यांच्या हवाली करण्यात आला. त्याला जातीत परत घ्यावे म्हणून खटपट करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला. पुढे याच नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसविली. तेथे आसरा मिळाला तो मुख्यतः गावकुसाबाहेरच्या मांग समाजातील कुटुंबांना. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेतही त्यांनी भाषण केले. स्थानिक प्रचारक, परदेशी साहाय्य आणि उपेक्षितांना निवारा ही तिन्ही सूत्रे या भूमीत दीडशे वर्षांपूर्वीच एकत्र आली होती.

श्रीपतच्या वतीने बोलावयास वडील होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली स्थापिलेल्या शारदा सदनातील मुलींनाही पालक होते. म्हणूनच १८९३ मध्ये धर्मप्रसाराचा आरोप होताच रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक मुलींना त्यांच्या घरच्यांनी काढून नेले. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी आणलेल्या मुलींना परत नेणारे कोणी उरलेच नव्हते. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न, अक्षर आणि हाताला काम मिळाले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि भाकरी आणि श्रद्धा एकाच हातून मिळते, तेव्हा मुलाचा होकार कितपत खरा मानावयाचा, हा प्रश्न त्या ऋणामुळे मिटत नाही.

प्रचारकाची स्थितीही फारशी निराळी नसते. ज्याचे वेतन सातासमुद्रापलीकडून येते, त्याची वाणी त्या वेतनाच्या पलीकडे जाण्यास कचरते. रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे जाणवले होते. भारतीय ख्रिस्ती समाजाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, या ध्यासाने त्यांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. मिशनच्या बाहेरच्या टीकाकारांपेक्षा आतल्या या माणसाचा निर्णय अधिक बोलका आहे.

आज कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये निराधार मुलाला, प्रवासाचा वेळ वगळता, चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. प्रत्येक बालगृहाची नोंदणी अनिवार्य आहे. आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळालेला निधी दुसरीकडे वळविण्यास मनाई केली. पैशाची वाट अशी पाहिली जाते, हे ठीकच. पण पैसा अडविल्याने मुलाचे पोट भरत नाही. मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या निधीवर चालणारे खेड्यातील वसतिगृह बंद पडले, तर तेथील मुलांनी जावयाचे कोठे, याचे उत्तर ज्यांनी मनाई केली त्यांनीच द्यावयास हवे.

येथे आपल्या समाजालाही स्वतःकडे पाहावे लागेल. १८७५ साली प्रार्थना समाजाने पंढरपूरला अनाथाश्रम काढला, १८९६ मध्ये कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली. हीच मिशनला दिलेली खरी उत्तरे होती. केवळ आरडाओरड करणाऱ्यांनी एकाही पोरक्या जिवाला घास भरविला नाही. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्यांची आणि कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची मुले आजही कोणाच्या तरी दारात उभी आहेत. अशा अनेक मुलांना आई असते, आजी असते. नसतो तो केवळ पैसा. नातलगांच्या घरीच मूल वाढावे यासाठी शासनाची बालसंगोपन योजना आहे, गावपातळीवर बाल संरक्षण समित्यांची तरतूद आहे. शाळेचा शिक्षक आणि ग्रामपंचायतीतील लेखनिक यांनी वेळीच अर्ज भरला, तर कित्येक मुलांना घर सोडावेच लागणार नाही.

ज्यांना सोडावे लागेल, त्यांच्यासाठी कसोटी एकच असावी. प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलाच्या ताटात तेवढीच भाकरी पडते काय? पडत असेल, तर ती सेवा आहे, मग ती करणाऱ्याचा धर्म कोणताही असो. पडत नसेल, तर तो व्यवहार आहे. आणि अज्ञान बालकाशी केलेला व्यवहार कोणताही कायदा ग्राह्य धरीत नाही.