थंडी मुळांना लागते

पौष लागला की वाशी, नेरुळ, खारघरहून एकच प्रश्न येऊ लागतो. टोमॅटोला फुलं भरपूर येतात, पण धरत नाहीत, देठासकट गळतात. कुठलं औषध मारू? औषध कुठलंही मारू नका, असंच मी सांगते. दिवसभर झाड हिरवंगार दिसतं, म्हणून दोष खताचा किंवा किडीचा वाटतो. खरी गडबड पहाटे चार ते सहाच्या दरम्यान होते, आणि त्या वेळी कुंडीपाशी कुणीच नसतं.

आपल्याकडे कसली आलीय थंडी, असं म्हणायची सवय आहे. जानेवारीत मुंबईचं सरासरी किमान तापमान 17 अंशांच्या आसपास असतं, हे खरं. पण सांताक्रूझच्या वेधशाळेत 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंशांची नोंद झाली होती, हेही खरं. तिकडे हिमालयात बर्फ पडला आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला, की अजूनही दोन-चार रात्री पारा झरझर खाली येतो. नवी मुंबईत त्यात आणखी भर पडते. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी. रात्री वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, म्हणजे डोंगर उतरून थेट आपल्या गच्च्यांवर येतो. घणसोली किंवा बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी पहाटे खिडकी उघडून बघावी.

टोमॅटोला रात्रीचे 13 अंश ही सीमारेषा आहे. पारा त्याखाली गेला की परागकण नीट तयार होत नाहीत आणि फूल रिकामंच गळतं. मिरची आणि वांगी 15 अंशांच्या आसपासच आखडतात. काकडी, दोडका, भेंडी ही तर उन्हाळ्याची लेकरं. त्यांचं बी थंड मातीत रुजण्याऐवजी कुजतं. उन्हाळा तापायच्या आत भाजी हातात यावी म्हणून डिसेंबरअखेर आगाप पेरणी करणाऱ्यांना हे हमखास भोगावं लागतं.

शेतातल्या झाडापेक्षा कुंडीतलं झाड जास्त गारठतं. जमिनीत दिवसाची ऊब खोलवर मुरलेली असते आणि रात्रभर ती हळूहळू वर येते. कुंडीतली मूठभर माती चारी बाजूंनी वाऱ्यावर असते आणि खाली थंडगार फरशी. मातीची कुंडी तर माठासारखीच: तिच्या अंगातून पाणी झिरपतं, कोरड्या वाऱ्यात उडून जातं आणि आतली माती हवेपेक्षाही गार होते. एप्रिलमध्ये हाच गुण जीव वाचवतो, जानेवारीत तोच नडतो. आपण चादर घालतो ती पानांवर, आणि गारठलेली असतात मुळं.

गारठलेलं मूळ स्फुरद उचलू शकत नाही. मग टोमॅटोच्या रोपाची पानं खालच्या बाजूने जांभळी पडतात. ती बघून लोक खताची पिशवी फोडतात, आणि मला याचीच सर्वात जास्त काळजी वाटते. मातीत स्फुरद असतंच, थंडीने मूळ तेवढं निजलेलं असतं. वरून ओतलेलं खत तसंच साचून राहतं आणि कोवळ्या मुळांना भाजतं. माती उबदार झाली की नवी पानं आपोआप हिरवी येतात.

म्हणून आधी कुंडी जपा. ती फरशीवरून उचला आणि खाली दोन विटा किंवा फळीचा तुकडा ठेवा. कुंड्या एकमेकींना चिकटवून, दुपारचं ऊन झेलणाऱ्या भिंतीशी लावा. ती भिंत रात्री उशिरापर्यंत कोमट असते. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा, पण उन्हाची बाजू उघडी राहू द्या. दिवाळे गावच्या मासळी बाजारात बर्फ आणि मासे ठेवायचे थर्माकोलचे जुने खोके मिळाले तर जरूर आणा. खारटपणा जाईपर्यंत धुवा, तळाला भोकं पाडा आणि त्यातच मिरचीची रोपं लावा. मुळांना इतकी ऊब दुसऱ्या कुठल्याच कुंडीत मिळत नाही.

मातीवर पालापाचोळा हवाच. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून पाचोळ्यापासून घरच्या घरी सुपीक माती करायला शिकवलं, आणि त्याच वाटेने प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर बाग फुलवली. ज्या पाचोळ्याची माती होते, तोच वर पसरला तर रात्री ऊब धरतो. रसवंतीतली उसाची चिपाडंही चालतात, मात्र कडक वाळवून, नाहीतर मुंग्या येतात.

पानांवरचं पांघरूण उघड्या गच्चीवरच लागतं. निरभ्र रात्री झाडाची ऊब सरळ आभाळात निघून जाते. डोक्यावर स्लॅब असलेल्या बाल्कनीत ती तशी जात नाही. सिडकोच्या बैठ्या घरांच्या गच्चीवर चार काठ्या रोवून जुनी सुती साडी टाका. कापड पानांना टेकू देऊ नका. लहान रोपांवर पाण्याच्या बाटलीचा कापलेला अर्धा भाग, झाकण काढून, पालथा घाला. आणि ऊन आलं की हे सगळं काढायचं, हे विसरू नका. झाकणाखाली दमट हवा कोंडली की भुरी आणि करपा आलेच.

निफाडकडचे द्राक्ष बागायतदार कडाक्याच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात, कारण एका रात्रीत मण्यांना तडे जातात. ओल्या मातीत उष्णता जास्त मावते, म्हणून पाणी. हे ऐकून संध्याकाळी कुंड्या भिजवू नका. एवढ्याशा मातीत रात्रभर चिखल राहतो आणि रोपं बुडातून कोलमडतात. पाणी सकाळी नऊनंतर घाला, आणि तेही टाकीतलं गार नको, उन्हात ठेवलेल्या बादलीतलं.

मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, वाटाणा यांना मात्र काही पांघरू नका. त्यांना हीच हवा हवी असते. वालाचंही तसंच. रायगडात याच दिवसांत भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा घालून मडक्यात भाजतात, म्हणजे पोपटी लावतात. ज्यांच्या बाल्कनीत पौषात ऊन येतच नाही, त्यांनी टोमॅटोशी झगडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, उत्तरेची बाल्कनी सावलीतच राहते. तिथे पालक लावावा आणि मनसोक्त खावा.

भेंडी आणि काकडीसाठी रथसप्तमीपर्यंत थांबा. अगदीच धीर धरवत नसेल तर बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, ओल्या फडक्यात बांधून स्वयंपाकघरात, मटकीला मोड आणायला ठेवता तिथेच ठेवा. मोड दिसले की थर्माकोलच्या खोक्यात लावा. पेरण्याआधी सकाळी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा. गार लागलं तर आणखी आठवडाभर पेरू नका.