दिवाणखान्यातील पैसेवारी

पिकाची पैसेवारी कशी काढतात हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. रानात तुकडा आखावा, पीक कापावे, मळावे, वजन घ्यावे आणि मग आकडा मांडावा. महसुलाच्या कारकुनीत आमची हयात गेली. आकडा चावडीच्या ओट्यावर बसूनच मांडला जातो अशी तक्रार शेतकरी पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत, आणि ती अगदीच निराधार आहे असे आमच्याने म्हणवत नाही. नोकरी सोडल्यावर वर्षातील काही महिने आम्ही मुलुंडास चिरंजीवांकडे राहतो. तेथे सातव्या मजल्यावरील दिवाणखान्यात बसून शोधांची आणि अवजारांचीही अशीच पैसेवारी लावली जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आणि लाजेने कबूल करावयाचे तर, तीत आमचाही हात लागला. त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

२० डिसेंबर २०२१ रोजी सोनी वाहिनीवर ‘शार्क टँक इंडिया’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. नवीन वस्तू बनविणारा इसम पाच-सहा श्रीमंत उद्योजकांपुढे उभा राहतो, आपल्या धंद्याचा काही हिस्सा देऊ करून भांडवल मागतो, आणि ते लोक त्याची उलटतपासणी करून पैसे देतात किंवा नाकारतात. ही कल्पना मूळची जपानी. तेथे २००१ साली भांडवलवाल्यांस वाघ म्हणत. इंग्लंडात २००५ साली ते ड्रॅगन झाले व अमेरिकेत २००९ साली शार्क मासे. कोळिणीच्या पाटीत जी मुशी असते तिचाच हा थोरला भाऊबंद. आपल्याकडे सावकार हा सरळ शब्द होता. पण तो घातला असता तर कार्यक्रम कोणी पाहिला असता की नाही, शंका आहे.

या कार्यक्रमात २०२२ च्या आरंभी मालेगावकडील कमलेश घुमरे हे गृहस्थ आले. फवारणीचा पंप पाठीवर वागविण्याचा त्रास वाचावा म्हणून सायकलीवर बसविलेले, फवारणीबरोबर शेतीची इतरही कामे करणारे एक अवजार त्यांनी सात वर्षे खपून तयार केले होते. त्यांनी शेकडा १० हिश्श्यास ३० लाख रुपये मागितले. इतर परीक्षकांनी हात आखडता घेतला. ‘लेन्सकार्ट’ या चष्म्यांच्या कंपनीचे पीयूष बन्सल यांनी मात्र शेकडा ४० हिश्श्यास १० लाख आणि त्याखेरीज २० लाख बिनव्याजी कर्ज देऊ केले, व घुमरे यांनी ते स्वीकारले. हा प्रसंग पुढे लक्षावधी लोकांनी मोबाइलवर पुनःपुन्हा पाहिला.

आमच्या दिवाणखान्यात त्या रात्री सूनबाई, त्यांच्या बँकेतील एक मैत्रीण, शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि घाटकोपरास हार्डवेअरचे दुकान असलेले एक गुजराती गृहस्थ अशी मंडळी होती. मैत्रिणीच्या डोळ्यांस पाणी आले. विद्यार्थ्याने टाळ्या पिटल्या आणि बन्सल यांस देवमाणूस ठरविले. चिरंजीव म्हणाले, ‘‘देवमाणूस कसला? चाळीस टक्के म्हणजे गळा कापणेच आहे.’’ त्यावरून अर्धा तास वाद झाला. वाद चालला असता कोणी कागद-पेन्सिल घेतली नाही, म्हणून ती आम्ही घेतली. ३० लाखांस दहावा हिस्सा, म्हणजे घुमरे यांनी आपल्या धंद्याची सबंध किंमत ३ कोटी धरली होती. १० लाखांस शेकडा ४०, म्हणजे घेणाऱ्याने ती २५ लाख धरली. मागितल्याच्या बारावा भाग. सोळा आण्यांपैकी जवळजवळ साडेसहा आणे दुसऱ्याचे झाले. उलट बाजूने, २० लाखांवर दरसाल शेकडा १२ ने व्याज धरले असता सालीना २ लाख ४० हजार होतात, आणि ते भरावयाचे नाहीत. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढवून खरीपाचे कर्ज उचलणाऱ्या आमच्या वाचकांस या सवलतीची किंमत कोणी समजावून द्यावयास नको. आमच्या मते सौदा कडक खरा, परंतु अन्यायाचा नव्हे. यंत्र बनविण्यास सात वर्षे गेली, तरी ते विकण्याचे काम अद्याप सुरूच व्हावयाचे होते.

आणि निव्वळ कौतुकाचा भाव काय असतो, तो विदर्भाने पाहिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या दीड एकरात ओंब्या निवडून-निवडून ‘एचएमटी’ हा तांदूळ काढला. तो वाण राज्याच्या सीमा ओलांडून गेला. राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते २००५ साली त्यांचा गौरव झाला. २०१० साली एका परदेशी नियतकालिकाने थोर ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. तरीही ३ जून २०१८ रोजी ते वारले तेव्हा गरीबच होते. त्यांस साडेनऊ आणे तर राहोच, एक आणाही हिस्सा मिळाला नाही. सबब हिस्सा लिहून घेऊन रोख पैसे मोजणाऱ्याची निंदा आमच्या लेखणीतून सहसा उतरणार नाही.

मात्र त्या रात्री सर्वांत शहाणे बोलले ते दुकानदार गृहस्थ. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘काका, हे तुमच्या गावी मोडलं तर वॉशर कोण देणार?’’ आम्ही हसून तो प्रश्न उडवून लावला.

त्या हसण्याची किंमत पुढील वर्षी चुकती झाली. दुसऱ्याच एका वाहिनीवर आम्ही एक तण काढण्याचे पेट्रोलवरील यंत्र पाहिले. (त्याचा घुमरे यांच्या सायकलीशी अगर वरील कार्यक्रमाशी काहीएक संबंध नाही, आणि ते विकणाऱ्याचे नाव येथे लिहीत नाही.) चित्रात ते लोण्यातून सुरी जावी तसे चालत होते. आम्ही तात्काळ गावी पुतण्यास फोन करून शिफारस केली. तो आमचा शब्द मोडीत नाही. कांदा विकून आलेल्या पैशातील ३८ हजार रुपये त्याने मोजले. चित्रातील जमीन भुसभुशीत होती. आमची काळी, चिकण. मृगाचा पाऊस झाल्यावर वाफसा यावयाच्या आतच तण डोके काढते, आणि तेव्हा यंत्राच्या पात्यांस मातीचे गोळे बसून ते जागीच नाचू लागले. तिसऱ्या आठवड्यात गिअरपेटीतील एक दातेरी चक्र तुटले. ते चक्र तालुक्यास नाही, जिल्ह्यास नाही. विकणाऱ्याचा फोन लागेना. अखेर मजूर लावून निंदणी केली, ती दहा दिवस उशिरा. पुतण्या एवढेच म्हणाला, ‘‘तात्या, तुम्ही सांगितलंत म्हणून घेतलं.’’ तो रागावला असता तर बरे वाटले असते. यंत्र गोठ्यात आहे; त्यावर कोंबड्या बसतात.

तेव्हापासून कोणतेही अवजार पडद्यावर दिसले की आम्ही स्वतःस रानातले प्रश्न विचारतो. फवारणीचेच घ्या. पाठीवरचा पंप सोळा लिटरचा. एकरी दोनशे लिटर पाणी धरले तर बारा-तेरा वेळा भरावा लागतो, आणि दर खेपेस पंपाचे वजन सोडून सोळा किलो पाणी खांद्यावर येते. हा भार चाकावर गेला तर तो मोठाच उपकार होईल, याविषयी दुमत नाही. परंतु दोन ओळींत ते चाक चालेल काय? चार फुटांवरील कपाशीत चालेल. दीड फुटावरील सोयाबीन एकदा मिळून आले की तेथे माणसाचा पाय ठरत नाही, तर चाकाचे काय. कांद्याच्या सपाट वाफ्यांत दर दहा-पंधरा हातांवर वरंबा आडवा येतो. तो फोडीत जावयाचे की अवजार उचलून न्यावयाचे? पंप चाकावरच चालत असेल तर चिखलात चाल मंदावली की दाब उतरणार आणि तुषार जाड होणार. बैलाच्या अगर ट्रॅक्टरच्या अवजारासही असेच प्रश्न आहेत. पण ते आपल्या अंगवळणी पडलेले असल्याने आपणास दिसत नाहीत.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, फवारा चालणाऱ्याच्या पुढे पडतो की मागे? पुढे पडत असेल तर खांदे वाचले, पण माणूस आपणच उडविलेल्या विषातून चालत जाणार. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागली होती, आणि फवारा वर धरून उंच झाडांतून फिरणाऱ्यांच्या नाकातोंडांत, अंगावर ते विष गेले. तेथील विधवांस टाळ्या वाजविणाऱ्यांचे मत विचारावयाचे नसून, नळी कोणत्या बाजूस आहे हेच विचारावयाचे आहे. आमच्या दिवाणखान्यात तो प्रश्न कोणी काढला नाही. आम्ही स्वतःही काढला नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून काढला नाही, हे अधिक वाईट.

यावरून मुंबईकरांस शेतीचे कळत नाही आणि आम्हास सर्व कळते, असा अर्थ कोणी काढू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीही बेळगावास सायकलीच्या दुकानापासूनच आरंभ केला होता, हे पुष्कळांस ठाऊक असेल. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीस विष चढते म्हणून शेतकऱ्यांनीच तो नाकारला. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी आश्रय व कर्ज दिले म्हणून १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना उभा राहिला. आज त्या नांगरास नावे ठेवणारा शोधून सापडणार नाही. अर्थात आपल्या पूर्वजांनीही पैसेवारी ओट्यावर बसूनच लावली होती. फरक इतकाच की त्यांनी ती कमी लावली आणि आम्ही जास्त.

आमच्या सभासदांपैकी कित्येकजण स्वतः कल्पक आहेत. कोणी मोटारसायकलीस कोळपे जोडले आहे, कोणी कांदा प्रतवारीची चाळण केली आहे. त्यांच्या उपयोगाची एक कायद्याची गोष्ट जाता जाता सांगतो. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे शेती करण्याच्या पद्धतीस पेटंट मिळत नाही, परंतु नवीन अवजारास मिळू शकते, आणि त्याची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षे असते. मात्र अवजार आधी चारचौघांत दाखविले, त्याचे चित्र मोबाइलवर सर्वत्र फिरले, तर ते कायद्याच्या दृष्टीने नवीन राहत नाही. म्हणून अर्ज आधी करावा आणि कौतुक मागाहून करून घ्यावे. पुष्कळांचे याच्या उलट होते.

आता आमची सूचना. आपल्या संघाने येत्या खरीपात नवीन अवजारांच्या चाचणीसाठी दोन रानांचे तुकडे राखावेत. एक हलक्या जमिनीचा, एक भारी काळीचा. ज्याने अवजार बनविले त्यास बोलवावे, त्याचे येण्याजाण्याचे भाडे व एक दिवसाची मजुरी संघाने द्यावी. कारण फुकट बोलावलेला मनुष्य आपली चूक कबूल करीत नाही. अवजार त्याने न चालविता सभासदाने चालवावे, तेही पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी. किती वेळात किती गुंठे झाले, किती लिटर औषध लागले, काय मोडले, सुटा भाग कोठे व किती दिवसांत मिळाला, हे सर्व जमिनीच्या प्रतीसह व ओळींच्या अंतरासह या मासिकात छापावे. विद्यापीठांच्या व बुधनी येथील सरकारी संस्थेच्या चाचण्या असतातच, आणि त्यांचा मान आहे. परंतु आपल्या शिवारातील चिखलाचा निकाल आपल्यालाच द्यावा लागेल.

भारी काळीचा तुकडा म्हणून आमचे घराजवळील दीड एकर आम्ही देण्यास तयार आहोत. पुतण्याची संमती घेतली आहे. त्याची एकच अट आहे: पहिल्या दिवशी गोठ्यातील यंत्रही बाहेर काढून त्याच तुकड्यात चालवावयाचे, आणि त्याचाही निकाल छापावयाचा. हलक्या जमिनीचा तुकडा ज्यांस देता येईल त्यांनी अक्षय्य तृतीयेपूर्वी संघाच्या कचेरीस कळवावे.