बोट पाण्यावर, धक्का कुणाच्या जमिनीवर?

मनोर, चारोटी, तलासरीकडच्या गावांना हायवेवरचा ट्रक काय असतो ते सांगायला नको. रात्रंदिवस रांग, धूर, अपघात. म्हणून सरकार जेव्हा म्हणतं की माल रस्त्यावरून काढून समुद्रातून, खाडीतून न्यायचा, तेव्हा ऐकायला बरं वाटतं. ते खोटंही नाही. सरकारी हिशोबच आहे, की एका अश्वशक्तीच्या जोरावर रस्त्याने 150 किलो माल हलतो, रेल्वेने 500 किलो आणि पाण्यावरून 4,000 किलो. पेण तालुक्यात अंबा नदीतून धरमतरला बार्ज येतात, डोलवीच्या कारखान्याचा कोळसा नि लोहखनिज आणतात. तेवढे ट्रक रस्त्यावर येत नाहीत. 2016 च्या कायद्याने देशात 111 जलमार्ग ठरले. त्यात अंबा आहे, आपली उल्हास नदी नि वसईची खाडीही आहे.

तेव्हा पाण्यावरच्या वाहतुकीला आपला विरोध नाही. पण बोट पाण्यावर चालते, माल मात्र जमिनीवर उतरतो. ती जमीन कुणाची, एवढंच आपण विचारतो.

हे आम्ही मरोळच्या शेजारी, आरेत बघितलंय. मेट्रो येईल, गाड्या कमी होतील, हवा सुधारेल, असंच सांगितलं होतं. मेट्रो जमिनीखालून जाते, पण तिची कारशेड जमिनीवर लागते. ती आली आरेच्या जंगलात. प्रजापूरपाड्याची घरं हलवली. ऑक्टोबर 2019 मध्ये रात्री करवती सुरू झाल्या आणि दोन दिवसांत 2,141 झाडं पाडली. आज मरोळ नाक्याखालून मेट्रो धावते, लोकांची सोय झाली, नाही म्हणत नाही. पण सोय शहराची आणि किंमत पाड्याची, हा कुठला न्याय?

आता तोच हिशोब डहाणूत वाढवणला मांडलाय. 76,220 कोटींचं बंदर. 1998 मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने इथे बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणाने जुलै 2023 मध्ये परवानगी दिली. ऑगस्ट 2024 ला पायाभरणी झाली. सांगतात काय, तर बंदर समुद्रात 1,448 हेक्टर भराव टाकून होणार, गावाची जमीन जाणार नाही. मच्छीमारांचा समुद्र जातो, ते वेगळंच. पण आपल्या डोंगराकडच्या गावांनीही गप्प बसायचं कारण नाही. लाटा अडवायला 10 किलोमीटरहून लांब बांध घालणार. तो दगड कुठल्या डोंगराचा? बंदरापासून तव्याजवळ हायवेला मिळणारा सुमारे 32 किलोमीटरचा रस्ता कुणाच्या शेतातून? वर्षाला 2 कोटी 32 लाख कंटेनर हलवायची या बंदराची ताकद धरलीय. ते उतरल्यावर उडत जाणार नाहीत. काही रेल्वेने जातील, बाकीचे ट्रकवरच. मग आपल्या दारातले ट्रक कमी होणार की वाढणार?

मालवाहू रेल्वे, बुलेट ट्रेन, वडोदऱ्याचा एक्स्प्रेसवे, सगळे याच जिल्ह्यातून गेले. प्रत्येक वेळी कागद आपल्या हातात उशिरा आला. या वेळी आधी तयारी करू.

पहिलं काम, वनहक्काचे दावे पुरे करा, वैयक्तिक आणि सामूहिक दोन्ही. 2006 च्या कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून कुणाला उठवता येत नाही. दावा भरला असेल तर पोचपावती जपून ठेवा.

दुसरं, दगड आणि मुरूम हे गौण खनिज आहे. पेसा कायद्यात खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. एकट्या सरपंचाच्या सहीवर सोडू नका. पाड्यावरच्या बायामाणसांसकट ग्रामसभा भरवा, ठराव लिहा, नक्कल ठेवा.

तिसरं, रस्त्याची मोजणी करायला कुणी आलं तर नकाशा आणि लेखी आदेश मागा. जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करायची असते, हेही पेसातच आहे. मोजणीवाल्यांशी भांडण करू नका. शांतपणे विचारा, पण विचारल्याशिवाय सोडू नका.

माल पाण्यावरून जाऊ दे. आहेत त्या खाड्या नि आहेत ते धक्के आधी वापरा. त्यासाठी आमचा डोंगर फोडून समुद्रात टाकायची गरज नाही.

जल, जंगल, जमीन आपली. जोहार!